पश्चात्ताप आणि परतफेड

चर्च ऑफ इंग्लंडने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल २००६ साली आपल्या महासभेत क्षमा मागितली. २०२३ च्या जानेवारीत चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या आयुक्तांनी दहा कोटी पौंडांचा निधी जाहीर केला आणि त्यावरून वादाला तोंड फुटले. काळच तसा होता, पूर्वजांस आजच्या मापाने मोजू नये, असे विरोधकांपैकी अनेकांचे म्हणणे. ते वरकरणी समंजस दिसते. पण इतिहासापुढे ते टिकत नाही.

क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन हा धनाढ्य मळेवाला १७१० साली वारला. बार्बाडोस बेटावरील आपले उसाचे मळे, त्यांवर राबणाऱ्या गुलामांसह, त्याने परदेशांत धर्मप्रसार करणाऱ्या अँग्लिकन सोसायटीस मृत्युपत्राने दिले. सोसायटीने ते स्वीकारले आणि शतकाहून अधिक काळ चालविले. प्रारंभीच्या काळात तेथील गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. ज्यांच्या आत्म्याच्या उद्धाराची चिंता वाहावयाची, त्यांच्याच देहावर ही मालकीची मोहोर!

आता त्या ‘काळा’विषयी. १७८३ साली चेस्टरचे बिशप बिल्बी पोर्टियस यांनी याच सोसायटीपुढे प्रवचन करून या मळ्यांवरील गुलामांची स्थिती सुधारण्याचे आवाहन केले. पुढे त्यांनी तपशीलवार योजनाही सादर केली. सोसायटीच्या समितीने ती फेटाळली. पोर्टियस हे कोणी बंडखोर नव्हेत; पुढे ते लंडनचे बिशप झाले. म्हणजे योग्य काय ते त्याच काळात, घरच्याच माणसाने, तोंडावर सांगितले होते. तेव्हा अज्ञानाची सबब आम्हांस मान्य होण्यासारखी नाही.

१८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपविण्याचे ठरले, तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मालकांना. सोसायटीस ४११ गुलामांपोटी ८,८२३ पौंड, ८ शिलिंग व ९ पेन्स मिळाले. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. उलट बार्बाडोसमधील बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्या मालकांकडेच राबावे लागले.

हीच सोसायटी पुढे आमच्या नगर-कोल्हापूर भागातही आली. तिने येथे शाळा काढल्या. ते श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु एका खात्यावरील जमा दुसऱ्या खात्यावरील कर्ज फेडीत नसते.

खेड्यांतील चर्चे पैशावाचून खंगत असता हा निधी बाहेर का जावा, हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. तरीही घेताना पेन्सापर्यंत हिशेब करणाऱ्यांनी देताना हात आखडता घेणे शोभत नाही. २०२४ साली देखरेख मंडळाने शंभर कोटींचे उद्दिष्ट सुचविले, ते म्हणूनच आम्हांस अवाजवी वाटत नाही. २०२३ साली त्या सोसायटीच्या आजच्या वारस संस्थेनेही कॉड्रिंग्टन येथील कार्यासाठी सत्तर लक्ष पौंड देण्याचे ठरविले. त्यांतील पै न् पै कशावर खर्चावी, हे लंडनमधील समितीने नव्हे, त्या मळ्यांवर राबलेल्यांच्या वंशजांनी ठरवावे.