पळायची वाट कुणी खाल्ली?

गेल्या दसऱ्याला आमच्या गावात व्यायामशाळेचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, फीत कापली आणि पाहुण्यांनी नव्या ट्रेडमिलवर चढून चार पावलं टाकली. भाषणात ते म्हणाले, "आता खेड्यातल्या पोरांना पळायला बाहेर जायची गरज उरली नाही." टाळ्या पडल्या. मी मागं सतरंजीवर बसलो होतो. हसावं का रडावं कळेना. म्हणजे बैलाला म्हणायचं, तुला रानात जायची गरज उरली नाही बाबा, घाण्याला उभा राहा.

घाण्याचा बैल मी लहानपणी बघितलाय. डोळ्याला झापडं बांधून दिवसभर चालायचा आणि संध्याकाळी सोडला की सकाळी होता तिथंच. ट्रेडमिलची जन्मकथाही याच्या जवळपासचीच आहे. मी दहावीपर्यंतच शिकलोय, पण वाचनालय सोडलेलं नाही. तिथं वाचलं की 1818 च्या सुमारास इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनियरनं तुरुंगासाठी पायऱ्यांचं एक मोठं चाक केलं. कैद्यानं वर चढत राहायचं, पायरी खाली जात राहायची. कुठं त्या चाकावर धान्य दळायचे, कुठं पाणी उपसायचे. काही तुरुंगांत तर कामच नव्हतं, चाक नुसतं वाऱ्यावर फिरायचं. 1898 च्या कायद्यानंतर ती शिक्षा तिकडं बंद पडत गेली. कैदी त्यातून सुटले आणि आपण आता महिन्याची फी भरून चढतोय.

पण ही झाली थट्टा. पारावर थट्टा चालती, निवाडा करायचा तर दुसरी बाजूही ऐकावी लागती.

माझी सून पुण्यात असती. नोकरी करून, पोरगं सांभाळून ती रोज अर्धा तास सोसायटीतल्या ट्रेडमिलवर पळती. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, खिडकीतनं रस्ता दिसतोय आणि तू भिंतीकडं तोंड करून पळतीस?" ती म्हणाली, "मामा, पहाटे रस्त्यावर पळायला लागले की आधी कुत्री मागं लागतात. ती परवडली. पण गाडीवरून हळू होत जाणारी माणसं मागं लागतात त्यांचं काय करू?" मी गप्प झालो. दोन वर्षांमागं माझ्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मलाही याच पट्ट्यावर चढवलं. छातीला तारा लावल्या आणि वेग आणि चढ वाढवत नेऊन माझं काळीज तपासलं. ते काम पाणंदीवर झालं नसतं. तेव्हा मशीनशी माझं भांडण नाही. शहरातल्या बाईला, आजारातनं उठलेल्या माणसाला, धो धो पावसात अडकलेल्याला त्याचा आधार आहे.

माझं भांडण आहे ते "बाहेर जायची गरज नाही" या वाक्याशी.

माझ्या धाकट्या भावाची पोरगी पोलीस भरतीची तयारी करती. भरतीत पोरांना 1600 मीटर पळावं लागतं, पोरींना 800 मीटर, आणि ते मैदानात. ती आठ दिवस व्यायामशाळेत गेली आणि परत बाहेर पळायला लागली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "आप्पा, तिथं मशीन मला पळवतंय. बटण दाबलं की वेग ठरला. मैदानात माझा वेग मलाच धरायचा असतोय. सुरुवातीला किती दम राखायचा, शेवटी किती सोडायचा, हे त्या पट्ट्यावर कसं कळणार?" या पोरीनं दोन ओळीत जे सांगितलं ते त्या भाषणात अर्ध्या तासात आलं नव्हतं. पट्ट्यावर समोरनं वारा येत नाही, पायाखाली खडा येत नाही, वळण येत नाही. रानातली वाट प्रत्येक पावलाला वेगळी. कुठं माती भुसभुशीत, कुठं चाकोरीचा खड्डा, कुठं मुरूम. घोट्याला, पोटरीला आणि डोळ्याला तिथं एकदम काम लागतं.

आमच्या माण तालुक्याला पाऊस कमी, पण पळणारे पाय उदंड. मोहीची ललिता बाबर इथलीच. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे, तिथला अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायानं जायचा. त्यानं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक घेतलं. दोघंही दुष्काळी भागातले आणि दोघांची शर्यतही एकच, हे मला फार बोलकं वाटतं. या शर्यतीत 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. तिचं मूळ म्हणे तिकडच्या खेड्यांत आहे. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत पैजेनं जायचं, वाटेत बांध आला तर बांध, ओढा आला तर ओढा. म्हणजे आमची पोरं शाळेला उशीर झाल्यावर जे करायची तेच. आता बांध आणि ओढा पट्ट्यावर कुठनं आणणार?

मग पुतणीनं रानातच पळावं, असं तुम्ही म्हणाल. इथंच खरं दुखणं आहे. ती रानात पळत नाही. ती पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेनं पळती. मागच्या हिवाळ्यात एक जीप तिला खेटून गेली. कडेच्या खडीवर पडली, कोपर सोललं, गुडघा महिनाभर सुजला. गाडी थांबलीसुद्धा नाही. मी तिच्यावरच ओरडलो, "मरायचंय का तुला? आपली पाणंद सोडून डांबरीवर कशाला जातीस?"

ती लंगडत उठली आणि म्हणाली, "कुठं हाय पाणंद? दावा मला."

मी दावायला गेलो. माझ्या लहानपणी त्या पाणंदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर कुणालाच मागं सरावं लागत नव्हतं. मेंढरांचा कळप जायचा, शाळेची पोरं जायची. आता एका माणसाला तिरकं होऊन जावं लागतंय. दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मध्ये ओहळ. खाल्ली कुणी? शेजाऱ्यांची नावं घ्यायला मी तोंड उघडलं आणि माझाच बांध दिसला.

लिहायला लाज वाटती, पण लिहितो. दरवर्षी नांगरट करताना मी पाणंदीचं एखादं तास आत घ्यायचो. बैल होते तेव्हा मीच नांगर कडेला दाबायचो. ट्रॅक्टर आल्यावर ड्रायव्हरला सांगायचो, "जरा कडंनं घे रं." चाळीस वर्षांत किती तासं झाली ते मोजा. समोरच्यानं तेच केलं. त्या पट्टीत पिकून पिकून पोतंभर ज्वारी जास्त झाली असंल. तेवढ्यासाठी आम्ही गावच्या लेकरांची पळायची वाट खाल्ली. गायरानाचीही तीच गत. आणि आता सरकारी पैशातनं दोन मशीनं आणून म्हणतोय, बाहेर जायची गरज नाही! त्यातलं एक मशीन शिमग्यापासून बंद आहे. दुसरं वीज असंल तेव्हा चालतंय, आणि वीज पहाटे नसती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. व्यायामशाळा असू द्या. पण पट्ट्यासाठी पैसा मागायच्या आधी ग्रामसभेत गावचा नकाशा मांडा. पाणंद कुठं होती, गायरान कुठं होतं ते बोटानं दाखवा. अडवलेली वाट मोकळी करून मागायची सोय कायद्यात आहे, 1906 च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यापासून आहे, अर्ज तहसीलदाराकडं करायचा असतोय. पण त्याच्या आधी आपापला बांध मागं घ्या, म्हणजे अर्ज करायची वेळच येणार नाही. आणि शहरातल्या वाचकांनो, तुमचाही कागद तपासा. मैदान म्हणून दाखवलेल्या जागेवर आज काय उभं आहे? फूटपाथ कुणाच्या गाड्यांनी भरलाय? माझ्या सुनेला भिंतीकडं तोंड करून पळावं लागतंय ते हौसेनं नाही.

या उन्हाळ्यात मी जेसीबी लावून माझ्या बाजूच्या बाभळी काढल्या आणि बांध मागं सारला. समोरच्या शेजाऱ्यानं अजून सारलेला नाही. "बघू," म्हणतोय. तरी विहिरीपासून चिंचेपर्यंत चारशे पावलं वाट मोकळी झाली. पुतणी तेवढ्यातच जाती-येती करती. चिंचेपाशी पोचली की वळती, कारण पुढं वाट नाही.