परदेशातील हुंडणावळ

भिवंडीच्या कापडबाजारात वटाव पाव टक्क्याने वाढला तरी घासाघीस होते. तोच व्यापारी २०२३ च्या जूनमध्ये मिलान येथे भरलेल्या ‘इटमा’सारख्या वस्त्रयंत्रांच्या प्रदर्शनाला गेला की निःशंकपणे कार्ड पुढे करतो. जुन्या पेढीवर हुंडणावळ निराळी मांडली जाई. कार्डाची हुंडणावळ सहसा डोळ्यांना दिसत नाही. अनेक कार्डांवर परकीय चलनातील खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार पडतो, त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. लाखाच्या खरेदीमागे ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये गेले.

त्याहून फसवा असतो दुकानातील यंत्राचा प्रश्न: रक्कम रुपयांत हवी की युरोत? रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो. परंतु तो दर नफा धरून लावलेला असतो, आणि व्यवहार परदेशी दुकानातला म्हणून काही बँका वर आपलाही आकार घेतात. तेथे युरोच निवडावा.

फॉरेक्स कार्डात निघण्यापूर्वी युरो भरले, तर दर त्याच दिवशी पक्का होतो. मात्र त्याच कार्डाने स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक मोजले, तर बदलाचा आकार बहुधा पुन्हा पडतो. खाकऱ्यांची तजवीज आठवडाभर आधी होते, चलनाची विमानतळावर; आणि तेथील दर सहसा महागच.

रोख परकीय नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतचे चलन जवळ ठेवता येते. त्यावरचे १८० दिवसांत बँकेला वा अधिकृत विनिमयदाराला परत करावे लागते. पुढच्या खेपेसाठी तिजोरीत जपलेली जाड पाकिटे या नियमात बसत नाहीत.