नमस्काराचे पाय

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपले की आधी देवाला आणि मग आईला नमस्कार करायचा. त्याशिवाय फराळाच्या ताटाला शिवायचे नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. पन्नास वर्षे मी आईच्या पायांवर डोके ठेवीत आलो. पण ते पाय कधी नीट पाहिले होते का, हा प्रश्न मला तिच्या शेवटच्या दुखण्यात पडला.

इस्पितळात नगरकडच्या एक प्रौढ ख्रिस्ती नर्सबाई होत्या. एका संध्याकाळी डबा घेऊन गेलो, तर बाई खाली बसून आईचे पाय कोमट पाण्याने धूत होत्या. टाचांच्या भेगांतला मळ मऊ फडक्याने अलगद काढीत होत्या. मी ओशाळून म्हणालो, "बाई, हे काम तुमचं नव्हे. आया आहे की!"

बाई हसल्या. "भाऊ, आमच्या प्रभूनं केलेलं काम मला हलकं कसं वाटेल?"

त्या रात्री मी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून वाचला. जेवता जेवता येशू उठला, अंगावरचे वस्त्र उतरवून त्याने कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी घेऊन तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. धुळीतून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे त्या काळी चाकराचे काम. पेत्र संकोचून नको नको म्हणाला. मी मात्र अडखळलो ते यहूदापाशी. आपल्याला धरून देणारा त्याच पंगतीत आहे, हे येशूला ठाऊक होते. तरी त्याला वगळले नाही!

त्या प्रसंगाची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी कॅथलिक धर्मगुरू लोकांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी रोममधला अल्पवयीन कैद्यांचा तुरुंग निवडला. ज्या बाराजणांचे पाय त्यांनी धुतले, त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते.

आपणही पाय धुतोच की! लग्नात जावयाचे धुतो, घरी आलेल्या सत्पुरुषाचे धुतो. पण ते सारे मानाचे पाय. भेगाळलेल्या टाचांचे काय?

दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढे हात केला. काही न बोलता त्यांनी फडके माझ्या हाती दिले आणि त्या पलीकडच्या खाटेकडे वळल्या. आई पाय आखडून घेत म्हणाली, "नको रे, तू कशाला?" पेत्राचेच शब्द! मी खाली बसलो. नमस्काराला वाकताना पाठ कधी भरली नव्हती. त्या दिवशी मात्र गुडघे कुरकुरले.

पुढच्या दिवाळीला आई नव्हती.

वाचकहो, यंदा वडीलधाऱ्यांना नमस्कार कराल, तेव्हा त्या पायांकडे जरा निरखून पाहा. टाचेला भेग दिसली, तर आशीर्वादाची घाई करू नका. आधी कोमट पाणी आणा.