ओव्हर देताना काय लिहायचं?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य; वैद्यकीय शिक्षण विभागाचे सचिव; 'रोटो-सोटो' आणि विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांचे पदाधिकारी; महाराष्ट्र परिचर्या परिषद, यांस,



मी शिंदखेड्याची. नोकरीची बहुतेक वर्षं आयसीयूत काढून आता निवृत्त होऊन गावी आले आहे. कोणत्या शहरात, कोणत्या दवाखान्यात होते ते सांगत नाही. तक्रार कुणा एकाची नाही.

शिफ्ट बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची सगळी माहिती सांगते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. बीपी किती, पंप कितीवर, लघवी किती झाली, नातेवाईक कोण आहेत. हजारो ओव्हर दिल्या असतील. एका पहाटेची मात्र अजून माझ्याच डोक्यात आहे, कुणाला देता आली नाही.

बावीस वर्षांचा मुलगा. नरडाण्याजवळ हायवेवर मोटारसायकल घसरली. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. तिसऱ्या दिवशी मेंदू गेल्याची लक्षणं दिसली आणि रात्री अकराला पहिली तपासणी झाली. बाहुल्या उजेडाला हलत नव्हत्या, कानात गार पाणी सोडलं तरी डोळे फिरले नाहीत, सक्शनची नळी खाली घातली तरी खोकला नाही, व्हेंटिलेटर काढून पाहिलं तर स्वतःचा एकही श्वास नाही. दुसरी तपासणी किमान सहा तासांनी करायची असते. म्हणजे पहाटे पाच. तोवर तो कायद्याने जिवंत.

हे सहा तास कुणाचे असतात, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या मंडळावर चार डॉक्टर असतात, नमुना १० वर त्यांच्या सह्या होतात. नमुना ८ वर अवयवदानाच्या संमतीची सही जवळचा नातेवाईक करतो. समन्वयकाचं काम कायद्यात लिहिलेलं आहे. त्या रात्री पलंगाशी जी उभी असते, तिच्यासाठी या कागदांवर एक ओळ नाही. मला सहीची हौस नाही. पण जिचं नाव कागदावर नसतं, तिला काही होत असेल हे कुणाच्या मनात येत नाही.

रात्री दोनला त्याची आई आत आली. समन्वयक ताई आदल्या संध्याकाळी तिच्याशी बोलून गेल्या होत्या, चांगलं बोलल्या, पण पुस्तकी मराठीत. 'मस्तिष्क स्तंभ' हा शब्द तिच्या अंगावरून निघून गेला होता. मी पंपाची सिरिंज बदलताना वॉर्डातल्या मावशीशी दोन शब्द अहिराणीत बोलले, ते त्या आईने ऐकलं आणि माझा हात धरला. "छाती हाली ऱ्हायनी ना वं माय, आंग ऊन शे. मंग मन्हा आंडोर जित्ता शे ना?"

मुलगा जिवंत आहे ना, याचं उत्तर मला माहीत होतं. द्यायचा अधिकार नव्हता, आणि पाच वाजेपर्यंत ते उत्तर कायद्याने खरंही नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टर येतीन, सांगतीन." ती मान हलवून बाहेर गेली. माझ्या नोकरीत मी याहून मोठ्या चुका केल्या असतील, पण मला हेच वाक्य आठवतं.

पाचला दुसरी तपासणी झाली. मृत्यूची वेळ तीच लिहिली गेली. सातला बापाने सही केली.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, मृत्यू जाहीर झाला म्हणजे सिस्टरचं काम संपलं. उलट, ते तेव्हा वाढतं. मेंदू गेला की शरीर आपला कारभार सांभाळत नाही. बीपी कोसळतं, अंग गार पडत जातं म्हणून उबदार पांघरूण घालावं लागतं, लघवी तासाला अर्धा-अर्धा लिटर होते आणि तेवढं पाणी शिरेतून भरावं लागतं, सोडियम सारखं बघावं लागतं. दोन तासांनी कूस बदलायची. डोळ्यांवर ओला गॉज. हे सगळं मी त्या मुलासाठी करत होते की त्याच्या मूत्रपिंडांसाठी? हा प्रश्न मनात आला की लाज वाटते आणि तो आल्याशिवाय राहत नाही. कूस बदलताना मी सवयीने म्हणाले, "बाळा, वळवते हं." मग आठवलं, याला दोन तासांपूर्वी मृत घोषित केलंय. आणि तरीही पुढच्या वेळी तेच म्हणाले. सकाळच्या सिस्टरला ओव्हर देताना 'पेशंट' म्हणू की 'बॉडी', ते सुचेना. 'बेड चार' म्हणाले.

दुसऱ्या एका वेळची गोष्ट. व्हेंटिलेटर काढून तपासणी चालू असताना पेशंटचे दोन्ही हात छातीकडे उचलले गेले. नवी सिस्टर ओरडलीच, जिवंत आहे म्हणून. ती पाठीच्या कण्यातली प्रतिक्रिया असते, मेंदूचा संबंध नसतो. १९८४ साली अमेरिकेतल्या डॉ. रॉपर यांनी ती नोंदवून तिला बायबलमधल्या, मरून उठलेल्या लाझारसचं नाव दिलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं. नंतर. ती पोरगी पुढचे कित्येक दिवस त्या पलंगाकडे पाठ करून उभी राहायची.

आणि कुटुंबाने दानाला नाही म्हटलं तर? ते वाईटच, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. मेंदूमृत्यूची व्याख्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सगळी चिन्हं कायमची नाहीशी होणं. त्यामुळे दान नाकारलं की यंत्र बंद करायला कुणी धजत नाही आणि हृदय थांबेपर्यंत, कधी दिवस दिवस, आम्ही त्याच शरीराची सेवा करतो. सही झाली तर मेलेला, नाही झाली तर चालू. बाहेर नातेवाईक, आत आम्ही, आणि ही अडचण बोलून दाखवायची सोय कुणालाच नाही. कायदा दुरुस्त करणं दिल्लीचं काम आहे हे कळतं. पण राज्याने स्पष्ट सूचना काढायला कोण अडवतं? केरळने २०२० मध्ये काढल्या.

सिस्टर लोकांचा जीव गुंततो हे महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईच्या केईएमच्या परिचारिकांनी त्यांच्यातल्याच अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं आणि दयामरणाची याचिका आली तेव्हा ठाम विरोध केला. अरुणाताई मेंदूमृत नव्हत्या, त्या स्वतः श्वास घेत होत्या, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही त्या सिस्टरांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. आम्हाला तर साधं स्टाफरूममध्ये बसवून कुणी विचारलेलं नाही.

देशात २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणारे सुमारे अकराशे होते, दहा लाखांत एकही नाही. ही संख्या वाढावी म्हणून फलक लागतात, ३ ऑगस्टला शपथा होतात. जिवंतपणी अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ४२ दिवसांची रजा मिळते, ती मिळायलाच हवी. ज्या सिस्टरने रात्रभर दाता सांभाळला आणि सकाळी ओटीच्या दारापर्यंत ट्रॉली ढकलली, तिला त्याच रात्री परत नाइट असते. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लावलेला आहे म्हणता? हातात सक्शन धरून तो कुठल्या हाताने फिरवायचा?

तेव्हा मागते ते ऐका. दोन्ही तपासण्यांच्या वेळी त्या पलंगाच्या सिस्टरला आत उभं करा आणि काय दिसलं ते तिथल्या तिथे सांगा. माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं तर त्या आईपुढे उभं राहणं तरी सोपं गेलं असतं. खान्देशातल्या दवाखान्यांना अहिराणी बोलणारा समन्वयक द्या, नाहीतर ते काम रात्री दोन वाजता आमच्यावर येऊन पडतं. दात्यानंतरची एक ड्यूटी माफ करा. आणि महिन्याभराने दोन ओळी कळवा. नावगाव नको. मूत्रपिंड लागलं, चालू आहे, एवढं पुरे. आम्हाला कुणीच कळवत नाही. आम्ही वर्तमानपत्रातला ग्रीन कॉरिडॉरचा फोटो बघतो, त्यात पेटी असते आणि ॲम्ब्युलन्स.

गेल्या वर्षी ती आई मला भेटली. शिंदखेडा स्टेशनवर सुरतेच्या गाडीची वाट बघत होती, थोरला मुलगा उधन्याला कामाला आहे म्हणे. तिने मला ओळखलं, मी आधी नाही. पोराचं काय कुणाला लागलं, ते तिने विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्याना डोया बंद व्हतात ना वं?"

हो म्हणाले. दर दोन तासांनी मीच बंद करत होते.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका
शिंदखेडा, जि. धुळे