मुदत संपलेले नाव

देशातील विज्ञानवार्तांत नव्या पोर्टलच्या उद्घाटनाला हमखास जागा मिळते. मंत्रिमहोदय कळ दाबतात, छायाचित्र निघते, विदा ‘सर्वांसाठी खुली’ झाल्याचे जाहीर होते. त्या पोर्टलच्या डोमेन नावाचे नूतनीकरण पाच वर्षांनी कोण करणार, असा प्रश्न त्या मंडपात कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने माझ्या प्रबंधातील एक तळटीप पुढे केली. त्या दुव्यावर एकेकाळी एका प्रकल्पाची मोजमापे होती; आता तेथे ऑनलाइन रमीची जाहिरात झळकते. “सर, संदर्भ चुकला आहे का?” संदर्भ बरोबरच होता. नाव एका कंत्राटी सहायकाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवले होते. प्रकल्प संपला, तो दुसरीकडे गेला आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रे कोणी न उघडणाऱ्या खात्यात पडत राहिली. दोष त्याचा आहे असे मी मानत नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या गोष्टीची चावी त्याच्या खिशात कोणी ठेवली, हे विचारायला हवे.

विसरभोळेपणा काही सरकारी कार्यालयांपुरता नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टनेच पासपोर्ट डॉट कॉमचे शुल्क भरले नव्हते. हॉटमेलचे काम अडले आणि मायकेल चेनी या प्रोग्रामरने स्वतःचे ३५ डॉलर भरून ते सुरू केले. प्रत्येक वेळी असा सज्जन भेटत नाही. डॉट कॉम नावाची मुदत संपल्यावर सवलतीचा काळ, मग नाव सोडवून घेण्यासाठी ३० दिवस, त्यानंतरचे ५ दिवस आणि मग ते नाव कोणालाही खुले. नव्या मालकाला त्या नावाच्या जुन्या ईमेल पत्त्यांवर येणारी पत्रेही मिळू शकतात, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांसकट. संशोधन-नियतकालिकांची नावे अशाच रीतीने बळकावली जातात, हे जॉन बोहॅनन यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये सविस्तर मांडले होते. मग भामटा त्या प्रतिष्ठित नावाने लेखकांकडून शुल्क उकळतो आणि त्यात आपले विद्यार्थीही फसतात.

यावर ठरावीक उत्तर येते : डीओआय आहे ना! डीओआय केवळ पत्ता सांगतो. प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला नाही तर तोही त्याच रमीच्या दारात नेऊन सोडतो. इंटरनेट आर्काइव्ह पाने जपते, पण शोधखिडकीमागची विदा सहसा तिच्या हाती लागत नाही.

२०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने सार्वजनिक निधीतील विदा खुली करण्याचे तत्त्व स्वीकारले. अनुदान मात्र तीन वा पाच वर्षांचे. उपकरणाच्या वार्षिक देखभाल करारासाठी लाखो रुपये सहज मंजूर होतात. वर्षाला हजाराच्या आतबाहेर असलेला नावाचा खर्च प्रकल्प संपल्यावर कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही. ही काटकसर म्हणायची की बेफिकिरी? डॉट इन नाव एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवता येते. शैक्षणिक व संशोधन संस्थांना अर्नेट इंडियाकडून स्वतःचे नाव मिळते; त्याखाली प्रकल्पाचे उपनाव घेतले तर वेगळी मुदत सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही. अनुदान देणाऱ्यांनी ही अट घालावी आणि ती पाळल्याचा पुरावा उपयोगिता प्रमाणपत्रासोबत मागावा. पीएच.डी. करणाऱ्यांना विनंती : आपल्या गटाच्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या खात्यावर आहे, हे आजच मार्गदर्शकांना विचारा. थोडा राग येईल त्यांना, येऊ द्या.

त्या विद्यार्थिनीला हवी असलेली मोजमापे माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर सापडली. ‘सर्वांसाठी खुली’ विदा मी तिला पेनड्राइव्हवर दिली.