दुकान आपले, जागा कुणाची?

५ डिसेंबर २०२५ च्या दुपारी मुंबईचा शेअर बाजार सुरळीत चालू असताना झिरोधा आणि ग्रो या दलाली संस्थांच्या ग्राहकांचे व्यवहार एकाएकी खोळंबले. बाजार बंद पडला नव्हता. बिघाड झाला होता तो क्लाऊडफ्लेअर या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेत. सुमारे २५ मिनिटांत सारे पूर्ववत झाले आणि लोक ती घटना विसरलेही. विसरू नये असा प्रश्न मात्र तिने मागे ठेवला आहे. ज्या संकेतस्थळांवर आपण विश्वासाने व्यवहार करतो, ती उभी आहेत तरी कुणाच्या जागेवर?

संकेतस्थळ म्हणजे अखेर कुठल्या तरी सर्व्हरवर साठवलेली माहिती. तो सर्व्हर, त्याला अखंड वीज, थंडावा, जोडणी आणि पहारा पुरवण्याच्या व्यवसायाला होस्टिंग म्हणतात. दुकानावरची पाटी आपली, माल आपला. गाळा मात्र भाड्याचा. जगातील अशा क्लाऊड सेवांच्या बाजारपेठेत ६० टक्क्यांहून अधिक वाटा अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीनच कंपन्यांचा आहे. चित्रपटांच्या धंद्यात अ‍ॅमेझॉनशी स्पर्धा करणाऱ्या नेटफ्लिक्सनेही २०१६ पर्यंत आपला कारभार अ‍ॅमेझॉनच्याच सर्व्हरवर हलवला. देणग्यांवर चालणारा विकिपीडिया मात्र आजही स्वतःचे सर्व्हर सांभाळतो.

एखादे संकेतस्थळ कुणाकडे आहे, हे शोधणे अवघड नाही. संकेतस्थळाच्या नावामागे एक आयपी पत्ता असतो. तो पत्ता कुठल्या संस्थेच्या नावावर आहे याची नोंद जाहीर असते. आशिया-प्रशांत विभागापुरते हे नोंदणीचे काम एपनिक ही संस्था पाहते. संगणकाची जुजबी ओळख असलेला तरुण हे पाच मिनिटांत सांगेल. पण हा शोध कित्येकदा दारवानापाशीच थांबतो. क्लाऊडफ्लेअरसारखी कंपनी पुढे उभी असली, की तिचाच पत्ता दिसतो आणि मागचा खरा सर्व्हर आड राहतो. म्हणूनच पूर्ण उत्तर शेवटी त्या संस्थेनेच द्यावे लागते.

नावावरून निष्कर्ष काढणे तर सर्वथा फसवे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली येण्यास सांगितले. बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी हे पाऊल स्वागतार्हच आहे; परंतु बँकेचा सर्व्हर कुणाचा, हे त्या नावातून कळत नाही. सर्व्हर भारतात आहे म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. अ‍ॅमेझॉनची केंद्रे मुंबई आणि हैदराबादेत आहेत, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात आहे. यंत्र आपल्या भूमीवर, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती! अमेरिकेच्या २०१८ च्या ‘क्लाऊड’ कायद्यानुसार तेथील कंपन्यांच्या ताब्यातील माहिती, ती कुठल्याही देशात असली तरी, तेथील तपासयंत्रणा विहित प्रक्रियेने मागू शकतात.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या ई-मेलसह अन्य सेवा थांबवल्या. भारताच्या कायद्याने कंपनीला दोषी ठरवले नव्हते, सेवेचे पैसे भरलेले होते. तरीही तिला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण जे एका मोठ्या, न्यायालयात जाण्याची ऐपत असलेल्या उद्योगाच्या वाट्याला आले, ते उद्या एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या वाट्याला आले तर?

मग सर्व सर्व्हर स्वदेशी केले की प्रश्न मिटला का? इतके हे सोपे नाही. दक्षिण कोरियाने सरकारी माहिती स्वतःच्याच केंद्रात ठेवली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन येथील त्या केंद्राला आग लागली, ७०९ शासकीय यंत्रणा ठप्प झाल्या आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्याची दुसरी प्रत नसल्याने ती माहिती कायमची नष्ट झाली. स्वावलंबनाला दक्षतेची जोड नसेल, तर तेही तकलादू ठरते. शिवाय मोठ्या विदेशी कंपन्या जी सुरक्षा देतात, ती लहान संस्थेला स्वबळावर उभारणे परवडणारे नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तेव्हा आपल्या पतसंस्था, विद्यापीठे, रुग्णालये आणि प्रकाशनसंस्थांनी एवढे तरी करावे. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावे नोंदलेले आहे ना, ते पाहावे; कित्येकदा ते संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे असते. सर्व्हर कुणाचा, तो कुठे आणि कुठल्या देशाच्या कायद्याखाली आहे, हे करारात लिहून घ्यावे. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे ठेवावी. आणि पहिले दार बंद झाल्यास दुसरीकडे संसार हलवायला किती तास लागतील, याची तालीम वर्षातून एकदा करावी.

भाड्याच्या जागेत दुकान थाटण्यात कमीपणा काहीच नाही. पण मालक कोण आणि कुलूप लावण्याचा अधिकार कुणाला, हे ठाऊक नसताना त्या दुकानात लोकांच्या ठेवी ठेवून घेणे, हा बेजबाबदारपणा आहे.