पडद्याचे कापड

मंडळाच्या वार्षिक सभेत नाटक कोणते बसवावयाचे यावर दोन तास वाद होतो, नायिकेचे काम कोणी करावे यावर तिसरा तास जातो, आणि पडद्याचा विषय निघतो तो चहाचे पेले गोळा होत असताना. "पडद्याचे काय, कोणी तरी बाजारातून आणा," असे म्हणून सभा विसर्जित होते. इंदूर असो, देवास असो, बडोदे असो वा हैदराबाद. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती स्थिरावलेल्या आपल्या मंडळांत थोड्याफार फरकाने हाच क्रम असतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांची कथा याहून निराळी नाही. म्हणून या महिन्यात या उपेक्षित वस्तूविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

वास्तविक पडदा ही आपल्या घरची वस्तू आहे. वधूवरांमध्ये धरला जाणारा अंतरपाट म्हणजे दोन माणसांनी हातांत धरलेला पडदाच की! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीने पडद्याचे अनेक अवतार पाहिले. नाटक कंपन्यांच्या वैभवकाळी कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगविलेल्या पडद्यांची कीर्ती दूरवर गेली होती. मखमलीचे तर एवढे अप्रूप झाले की वसंत शांताराम देसाई यांनी रंगभूमीविषयीच्या आपल्या पुस्तकाला 'मखमालीचा पडदा' हेच नाव दिले. आजही पडदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तांबडी मखमल उभी राहते, आणि दुकानदार हे जाणून असतो.

आम्हां डोईफोडियाच्या लोकांना कापडाची पेठ म्हणजे बुऱ्हाणपूर. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच प्रवासी तेथून गेला, तेव्हा तेथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद त्याने केली आहे. आज तेथे यंत्रमाग खडखडतात आणि त्यांवर सुती कोरे कापड निघते. मखमल व चकचकीत कापड बहुतांशी सुरतेहून येते. तापीकाठची ही दोन गावे, एक वर आणि एक मुखाशी. आपल्या पडद्याचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये अडकलेला आहे.

आमच्या भागातील एका शाळेने काही वर्षांपूर्वी केशरी साटिनचा पडदा केला. दुकानात तो फार शोभिवंत दिसला असला पाहिजे. परंतु मागे दिवा लागताच नृत्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलींच्या सावल्या पुढे स्पष्ट दिसू लागल्या, आणि समोरून प्रकाश पडताच पडदा असा चमकला की प्रेक्षकांचे डोळे दिपले. साटिन प्रकाश परतवते; मखमल आपल्या लवीत तो जिरविते. मखमलीचा मान आहे तो एवढ्याचसाठी, श्रीमंतीसाठी नव्हे.

तेव्हा कापड पाहावे ते दुकानाबाहेर उन्हात नेऊन. दुहेरी धरून सूर्याकडे करावे. पलीकडच्या हाताची बोटे दिसली तर ते पडद्याचे कापड नव्हे. मग वजन विचारावे. व्यापारी 'जीएसएम' म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. दर्शनी पडद्याची मखमल तीनशे ते चारशेची असावी. मखमलीवरून तळहात फिरविला तर एका दिशेने लव बसते, दुसऱ्या दिशेने उठते; सर्व पाट एकाच दिशेने शिवले नाहीत तर एकाच ताग्यातील कापड दोन रंगांचे दिसते. आणि सगळे तागे एकाच लॉटमधील घ्यावेत. कमी पडलेले कापड महिन्याने आणले, तर रंगाचे नाव तेच असूनही छटा जुळत नाही.

बाजूच्या विंगा, वरची झालर व मागचा पडदा यांना मखमल कशाला हवी? तेथे जाड सुती कापड, काळे किंवा गर्द निळे रंगवून घेतलेले, उत्तम काम देते. मात्र मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. हातांत चोळून पाहावे; पांढरी भुकटी झडू लागली तर हे कापड धुतल्यावर निम्मे उरेल असे समजावे. सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून आटवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा गुडघ्यापर्यंत चढतो.

हिशेबात बहुतेकांची फसगत होते, म्हणून एक उदाहरण देतो. रंगमंचाचे तोंड २४ फूट रुंद व १२ फूट उंच आहे. दोन्ही पाखे मध्यभागी व कडांना झाकले जावेत म्हणून चार फूट धरले की झाले २८. दाट चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे ५६ फूट. कापडाचा पन्हा ५४ इंच असल्यास तेरा पाट लागतात. शिलाई व दुमड धरून प्रत्येक पाट तेरा फुटांचा, म्हणजे एकूण १६९ फूट, सुमारे ५२ मीटर. दीडपट चुण्यांवर भागविले तर दहा पाट, चाळीस मीटर. साडेतीनशे ग्रॅमच्या मखमलीचे ५२ मीटर म्हणजे पंचवीस किलो भार. तो पेलणारी नळी, कप्प्या व दोरी यांचा खर्च आधीच मांडावा.

शासकीय खरेदीत तीन दरपत्रके मागवितात. पद्धत चांगली, पण तीन व्यापारी तीन निराळ्या कापडांचे दर लिहितात आणि आपण त्यांतील सर्वांत लहान आकड्याखाली रेघ ओढतो. याला तुलना म्हणत नाहीत. आधी नमुन्याचा तुकडा निवडावा, वजन, पन्हा व धागा कागदावर लिहावा, आणि त्याच वर्णनावर तिघांचे दर मागवावेत. माल आल्यावर तो नमुन्याशी ताडावा व एक मीटर तोलून पाहावा. ज्या व्यापाऱ्याला कापड तोललेले खपत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास बसलो ते सांगतो. हरियाणातील मंडी डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेचा बक्षीस समारंभ चालू असताना मंडपाने पेट घेतला. कृत्रिम धाग्याचे छत जळत खाली आले, बाहेर पडावयास वाट अपुरी; चारशेंहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलेच फार. आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तेथील वास्तू पुन्हा बांधता येते. डबवालीचे काय करावे?

सुती कापड जळत नाही, असा गोड गैरसमज कोणी करून घेऊ नये. ते भराभर जळते. पॉलिएस्टर वितळते, त्याचे तप्त थेंब खाली पडतात आणि कातडीला चिकटतात. परंतु सुती कापडाला एक गुण आहे, ते क्षार शोषून घेते. दहा लिटर गरम पाण्यात ७०० ग्रॅम टाकणखार व ३०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात कापड बुडवून वाळविले की ते सहजी पेट घेत नाही. हा उपाय जुना आहे. धुतल्यावर मात्र क्षार निघून जातो, तेव्हा प्रत्येक धुण्यानंतर तो पुन्हा करावा लागतो. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे, मुलांना लावू नये. पॉलिएस्टर हे क्षार नीट धरत नाही. तेथे कारखान्यातच अग्निरोधक केलेले कापड मागावे व प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहावे. ते महाग पडते. पैसे नसतील तर मखमलीचा हट्ट सोडावा आणि बुऱ्हाणपुरी जाड सुती कापड क्षारात बुडवून टांगावे; माझे मत स्पष्टपणे याच बाजूला आहे.

प्रमाणपत्र असो वा नसो, वीतभर पट्टी कापून अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून, उभी टांगावी व खालच्या कडेला दहा-बारा सेकंद काडी धरावी. काडी दूर करताच ज्योत विझली पाहिजे. भाड्याच्या मंडपाच्या कनातीचीही हीच परीक्षा मागावी. मंडपवाला रागावतो, रागावू द्यावा. हॅलोजन दिवे कापडापासून निदान तीन फूट दूर असावेत, आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून बोटभर वर असावी, म्हणजे कोणाचा पाय अडकत नाही व वाळवीही चढत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मखमल घडी घालून पेटीत कोंबू नये, लव मोडून घडीच्या रेघा कायमच्या पडतात. लव आत ठेवून ती बांबूवर गुंडाळावी, वर जुने धोतर बांधावे आणि बांबू छताच्या कड्यांना अडकवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून वारा द्यावा. आमच्याकडे उंदरांचा उपद्रव फार, म्हणून कड्यांच्या दोऱ्यांवर पत्र्याच्या चकत्या बसविल्या आहेत.